फोबोस-ग्रुंट मोहीम : अपयश आणि त्याचे परिणाम

फोबोस-ग्रुंट हे मंगळाच्या फोबोस या चंद्रावर उतरून तिथली माती पृथ्वीवर आणण्यासाठी रशियाने पाठवलेले अवकाशयान. कझाकस्तानातील बैकोनूर तळावरून ते मॉस्कोच्या वेळेनुसार ९ नोव्हेंबर २०११ च्या मध्यरात्रीनंतर सुटले. तेव्हा भारतात पहाटेचे पावणेदोन वाजले होते. अग्निबाणाने आपले काम चोख केले आणि यान पृथ्वीभोवतीच्या कक्षेत पोहोचले. पण मंगळाकडे नेणारे त्याचे इंजिन पेटलेच नाही. दोन महिन्यांहून अधिक काळ ते पृथ्वीभोवती फिरत राहिले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी पॅसिफिक महासागरावर कोसळले. त्याच्याबरोबर चीनचा पहिला मंगळ-उपग्रह यिंगहुओ-१ देखील नष्ट झाला.

आंतरग्रहीय मोहिमांच्या इतिहासात अपयशे पुष्कळ आहेत. या अपयशाची स्वतंत्र दखल घ्यावी लागते ती दोन कारणांसाठी. यान का बिघडले याचे जे अधिकृत उत्तर मिळाले, त्याने जाणकारांचे समाधान झाले नाही, हे एक. दुसरे म्हणजे, या अपयशाचे पडसाद रशियापुरते राहिले नाहीत. भारताच्या चांद्रयान-२ मोहिमेला जे वळण लागले, त्याच्या मुळाशी हीच घटना आहे.

फोबोसच का?

मंगळाला दोन छोटे चंद्र आहेत, फोबोस आणि डायमॉस. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ असाफ हॉल यांनी १८७७ मध्ये ते शोधले. फोबोस त्यातला मोठा, तरी त्याची लांबी-रुंदी-उंची जेमतेम २७, २२ आणि १८ किमी. मंगळाच्या पृष्ठभागापासून तो सुमारे ६,००० किमीवर आहे आणि ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. मंगळाच्या स्वतःभोवती फिरण्यापेक्षा हा वेग जास्त असल्याने मंगळावरून पाहणाऱ्याला तो पश्चिमेला उगवताना आणि पूर्वेला मावळताना दिसेल. तो हळूहळू मंगळाकडे सरकतो आहे आणि काही कोटी वर्षांत त्याचे तुकडे होतील किंवा तो मंगळावर आदळेल.

हा चंद्र आला कुठून, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. भटकता लघुग्रह मंगळाने पकडला असेल असे एक मत आहे. मंगळावर झालेल्या प्रचंड आघातातून उडालेल्या मलब्यापासून तो बनला असेल, असे दुसरे. त्याची घनता पाण्याच्या दुपटीपेक्षाही कमी आहे, म्हणजे आतून तो बराच पोकळ किंवा सच्छिद्र असावा. मूठभर माती प्रयोगशाळेत आली तरी या वादाचा निकाल लागू शकतो. शिवाय उल्कापातांमुळे मंगळावरून उडालेली धूळ लाखो वर्षे फोबोसवर साचत आली आहे. तिथल्या नमुन्यात खुद्द मंगळाचे कणही सापडण्याची आशा शास्त्रज्ञांना होती, आणि ती निराधार नव्हती.

अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही फोबोस सोयीचा. त्याचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण आहे की ताशी सुमारे ४० किमी वेगाने वर फेकलेली वस्तू परत येत नाही. त्यामुळे तिथून परत निघायला मोठे इंजिन लागत नाही. मात्र याच कारणाने तिथे उतरणेही वेगळ्या प्रकारचे कौशल्य मागते, कारण जरा जोर जास्त झाला तर यान उसळून निघून जाईल.

जुनी परंपरा आणि पंधरा वर्षांचा खंड

यान बांधले ते मॉस्कोजवळच्या खिम्की येथील लावोच्किन संस्थेने. तिचा वारसा मोठा आहे. शुक्राच्या पृष्ठभागावर उतरलेली व्हेनेरा याने, चंद्रावर फिरलेल्या लुनोखोद गाड्या, १९७० मध्ये माणसाविना चंद्राची १०१ ग्रॅम माती घेऊन आलेले लुना-१६ ही सारी तिचीच कामगिरी. मंगळाने मात्र सोव्हिएत संघाला कधी पूर्ण यश दिले नाही, असेच म्हणावे लागते.

फोबोसकडे जाण्याचा पहिला प्रयत्न जुलै १९८८ मधला. फोबोस-१ आणि फोबोस-२ ही जुळी याने पाच दिवसांच्या अंतराने निघाली. पहिल्याला पाठवलेल्या आज्ञेत एका चिन्हाची चूक झाली. त्या चुकीने यानाची दिशा सांभाळणारी यंत्रणाच बंद पडली आणि सप्टेंबरमध्ये यान हरवले. दुसरे जानेवारी १९८९ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले, त्याने फोबोसची छायाचित्रेही पाठवली. पण ऐन जवळ जाण्याच्या टप्प्यावर, २७ मार्चला, त्याचा आवाज थांबला.

त्यानंतर सोव्हिएत संघ राहिला नाही. पैसा आटला, पगार रखडले, अनुभवी माणसे दुसरीकडे गेली. तशा अवस्थेत १६ नोव्हेंबर १९९६ रोजी मार्स-९६ हे मोठे यान उडाले आणि अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यातील बिघाडामुळे दुसऱ्याच दिवशी दक्षिण अमेरिकेच्या परिसरात कोसळले. पुढची पंधरा वर्षे रशियाचे एकही यान दुसऱ्या ग्रहाकडे निघाले नाही. फोबोस-ग्रुंटच्या अपयशाचा विचार करताना हा खंड नजरेआड करता येत नाही. आंतरग्रहीय यान बांधण्याची विद्या आराखड्यांत जेवढी असते तेवढीच हातात आणि सवयीत असते. पंधरा वर्षांत ज्यांना ती येत होती ते निवृत्त झाले आणि नव्यांनी एकही यान शेवटपर्यंत चालवलेले नव्हते.

यान आणि त्याचा आराखडा

फोबोस-ग्रुंट मूळ २००९ मध्ये जायचे होते. पृथ्वी आणि मंगळ साधारण दर २६ महिन्यांनी प्रवासाला सोयीच्या स्थितीत येतात. यान तयार नसल्याने ती संधी सोडून २०११ ची धरण्यात आली. खर्च सुमारे ५ अब्ज रूबल.

इंधनासह यानाचे वजन साडेतेरा टनांच्या आसपास होते आणि त्यातला बहुतांश भाग इंधनाचाच. प्रवास असा ठरला होता : २०१२ च्या शरद ऋतूत मंगळाची कक्षा, तिथे यिंगहुओ-१ सोडणे, २०१३ च्या सुरुवातीला फोबोसवर उतरणे, यांत्रिक हाताने सुमारे २०० ग्रॅमपर्यंत माती गोळा करणे आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ती कुपीतून कझाकस्तानात उतरवणे. फोबोसवरून निघताना परतीचे छोटे यान आधी स्प्रिंगांनी वर ढकलले जाणार होते आणि पुरेशी उंची मिळाल्यावरच त्याचे इंजिन पेटणार होते, म्हणजे खाली राहणाऱ्या उपकरणांना ज्वाळेची झळ लागू नये. ती उपकरणे पुढेही फोबोसवरून निरीक्षणे करत राहणार होती. परतीच्या कुपीला पॅराशूट नव्हते, ती तशीच जमिनीवर आपटण्यासाठी घडवलेली होती. ही कल्पकता खरोखर दाद देण्याजोगी आहे. वैज्ञानिक बाजू सांभाळणाऱ्या मॉस्कोतील अवकाश संशोधन संस्थेतील लोकांनी या मोहिमेवर वर्षानुवर्षे काम केले होते.

परदेशी सहभागही मोठा होता. पोलंडने जमिनीत घुसणारे नमुना-यंत्र दिले होते. जर्मनी, फ्रान्स आणि बल्गेरिया यांची उपकरणे होती. नमुना तपासणीपूर्वी दळून-गाळून घेण्याचे साधन हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात तयार झाले होते. अमेरिकेतील प्लॅनेटरी सोसायटी या लोकसंस्थेने तळहातावर मावेल एवढ्या डबीत दहा प्रकारचे जीव पाठवले होते. त्यात जिवाणू, यीस्ट, बिया आणि टार्डिग्रेड हे चिवट सूक्ष्म प्राणी होते. एका ग्रहावरचे जीव खडकात बसून दुसऱ्या ग्रहापर्यंत जिवंत पोहोचू शकतील का, हे जवळपास तीन वर्षांच्या खऱ्या आंतरग्रहीय प्रवासात तपासायचे होते.

यिंगहुओ-१ सुमारे ११५ किलोंचा. २००७ च्या मार्चमध्ये झालेल्या रशिया-चीन करारानुसार त्याला फोबोस-ग्रुंटबरोबर जागा मिळाली होती. चीनच्या दृष्टीने दुसऱ्या ग्रहाकडे टाकलेले ते पहिले पाऊल होते.

आता आराखड्यातील ती गोष्ट, जिच्यावर सगळे फिरले. यानाला मंगळाकडे ढकलणारे इंजिन फ्रेगाट या अग्निबाणाच्या नावाजलेल्या वरच्या टप्प्यावर आधारलेले होते. एरवी फ्रेगाटला स्वतःचा संगणक असतो. इथे वजन वाचवण्यासाठी तो काढून सगळे नियंत्रण यानाच्या मुख्य संगणकाकडे दिले गेले. तो संगणक नवा होता आणि अंतराळात कधी वापरला गेलेला नव्हता. दुसरीकडे, यानाची रेडिओ यंत्रणा दूरच्या अंतराळासाठी बनवलेली होती. पृथ्वीजवळच्या नीच कक्षेत असताना त्याला आज्ञा पाठवण्याची किंवा त्याची खबर घेण्याची पुरेशी सोयच ठेवलेली नव्हती. कक्षेतले पहिले काही तास सगळे आपोआप पार पडेल, असे गृहीत धरले गेले होते.

ती रात्र

यान पृथ्वीपासून कमीत कमी सुमारे २०७ आणि जास्तीत जास्त ३४७ किमी उंचीच्या कक्षेत बसले. सौरपट्टे उघडले, यान सूर्याकडे वळले. ठरल्याप्रमाणे उड्डाणानंतर सुमारे अडीच तासांनी पहिले प्रज्वलन आणि आणखी एका फेरीनंतर दुसरे व्हायचे होते. दोन्ही दक्षिण अमेरिकेच्या बाजूला, रशियाच्या कोणत्याही भूकेंद्राच्या नजरेपलीकडे. सोव्हिएत काळात अशा वेळी समुद्रात मागोवा घेणारी जहाजे तैनात असत. २०११ मध्ये तसे काही नव्हते. दक्षिण अमेरिकेतील हौशी आकाशनिरीक्षकांना इंजिनाची ज्वाळा दिसते का पाहा, अशी विनंती करण्यात आली होती.

ज्वाळा दिसली नाही. पुढच्या फेरीत रशियाच्या रडारांना यान जुन्याच कक्षेत सापडले.

रशियाच्या अवकाश संस्थेचे, म्हणजे रॉसकॉसमॉसचे, प्रमुख व्लादिमीर पोपोव्किन यांनी सकाळी सांगितले की यान सुरक्षित अवस्थेत असावे, इंधन शाबूत आहे आणि आज्ञा पोहोचवता आल्या तर मोहीम अजून वाचू शकते. ते खोटे नव्हते. इंधन होते, वीज होती, मंगळाची वाटही काही दिवस उघडी होती. फक्त यानाशी बोलता येत नव्हते.

पर्थहून आलेली हाक

युरोपीय अवकाश संस्थेने आपली भूकेंद्रे मदतीला दिली. या प्रयत्नांबद्दल फार कमी लिहिले जाते, म्हणून थोडे सविस्तर.

नीच कक्षेतले यान एखाद्या केंद्रावरून सहा ते दहा मिनिटांत निघून जाते. दूरच्या यानांसाठी बांधलेल्या मोठ्या तबकड्यांचा झोत अतिशय अरुंद असतो आणि त्या सावकाश फिरतात. शिवाय यानाची नेमकी जागाही पक्की ठाऊक नव्हती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील अभियंत्यांनी १५ मीटर तबकडीच्या बाजूला एक छोटा शिंग-अँटेना बसवला आणि त्यातून फक्त तीन वॅटचा क्षीण पण रुंद झोत सोडला. २२ नोव्हेंबरच्या रात्री यानाने उत्तर दिले. प्रेषक सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी दूरमापनाची काही माहितीही मिळाली आणि यानातील वीज व रेडिओ चालू असल्याचे कळले. दोन आठवड्यांनंतर मिळालेला हा पहिला आवाज होता आणि जगभर ज्यांनी ज्यांनी या यानासाठी काम केले होते त्यांच्या आशा पुन्हा जाग्या झाल्या.

त्यानंतरचे प्रयत्न फसले. कॅनरी बेटांवरील मास्पालोमास केंद्रातही तसाच अँटेना बसवला गेला, पण कक्षा उंचावण्याच्या आज्ञांना उत्तर आले नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला युरोपीय संस्थेने मदत थांबवली. तोवर मंगळाची वाट बंद झाली होती. त्याच संधीचा उपयोग करून २६ नोव्हेंबरला निघालेले अमेरिकेचे क्युरिऑसिटी मात्र मार्गाला लागले होते.

वातावरणाच्या विरळ घर्षणाने कक्षा खाली येत गेली. यानात साडेसात टन विषारी इंधन होते, त्यामुळे ते कुठे पडणार याची काळजी जगभर होती. इंधनाच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या असल्याने त्या उंचावरच फुटून इंधन जळून जाईल, असे रॉसकॉसमॉसने सांगितले. एका उपकरणात कोबाल्ट-५७ हे किरणोत्सारी द्रव्य होते, पण त्याचे प्रमाण अत्यल्प. १५ जानेवारी २०१२ रोजी चिलीच्या वेलिंग्टन बेटाच्या पश्चिमेला सुमारे १,२५० किमीवर अवशेष पडल्याचे रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने जाहीर केले. कोणालाही इजा झाली नाही.

दोष कोणाचा?

यान पडण्याआधीच पोपोव्किन यांनी एका रशियन वृत्तपत्राला मुलाखत दिली. रशियन यानांना अपघात नेमके पृथ्वीच्या ज्या बाजूला ती रशियाला दिसत नाहीत तिथेच होतात, असे सांगून त्यांनी बाहेरच्या हस्तक्षेपाकडे बोट दाखवले. पाठोपाठ मार्शल बेटांवरील अमेरिकी रडारच्या झोताने यान बिघडले, ही कल्पना वृत्तपत्रांत आली. चौकशी आयोगाने ती तपासली आणि बाजूला ठेवली. त्याच मुलाखतीत पोपोव्किन यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. तुटपुंज्या पैशात सुरू झालेल्या या यानात जोखमीचे तांत्रिक निर्णय होते, आणि २०११ ची संधी हुकली असती तर पाच अब्ज रूबल वाया गेल्याचे मान्य करून यान मोडीत काढावे लागले असते, असे त्यांनी कबूल केले. यान पूर्ण तपासले गेले नव्हते आणि थांबायलाही जागा नव्हती, याची ही सरळ कबुली होती.

आयोगाचे अध्यक्ष होते युरी कोप्तेव, रशियाच्या अवकाश संस्थेचे माजी प्रमुख. फेब्रुवारी २०१२ मध्ये निष्कर्ष आला : मुख्य संगणकाचे दोन चालू संच एकाच वेळी बंद पडून पुन्हा सुरू झाले आणि त्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे अंतराळातील जड भारित कणांचा मेमरी चिपांवरील आघात. पुन्हा सुरू झालेल्या संगणकाने प्रज्वलनाचा क्रम सोडून दिला, यान सूर्याकडे वळवले आणि तो पृथ्वीवरून आज्ञा येण्याची वाट पाहत बसला. त्या चिपा आयात केलेल्या होत्या आणि अंतराळासाठी योग्य दर्जाच्या नव्हत्या.

यावर शंका घेणाऱ्यांत अमेरिकेचे आणि रशियाचेही तज्ज्ञ होते. ज्या प्रकारच्या चिपा वापरल्या होत्या त्या किरणांना नाजूक आहेत, हे नासाच्या तज्ज्ञांना आधीपासून ठाऊक होते. तेवढा भाग खरा. पण यान इतक्या खालच्या कक्षेत होते की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे संरक्षण तिथे भरपूर मिळते. उड्डाणानंतर काही तासांच्या आत, दोन वेगवेगळ्या संचांवर, एकाच क्षणी कण आदळावेत हा योगायोग फार दुर्मीळ म्हणावा लागतो. आज्ञावलीतील दोष किंवा अपुरी एकत्रित चाचणी हे स्पष्टीकरण अनेकांना जास्त पटले.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की कण आदळला असे मान्य केले तरी दोष अंतराळाचा ठरत नाही. संगणक अधूनमधून अडखळतात, म्हणूनच यानांना सुरक्षित अवस्था दिलेली असते. ती अवस्था पृथ्वीच्या आज्ञेची वाट पाहते. पृथ्वीची आज्ञा पोहोचणारच नाही अशा ठिकाणी यानाला ती अवस्था देणे म्हणजे आजाऱ्याला डॉक्टरची वाट पाहायला सांगून बाहेरून कुलूप लावण्यासारखे झाले. नीच कक्षेसाठी एक साधा रेडिओ बसवला असता, तर बिघाड काही तासांत कळला असता आणि इंजिन दुसऱ्या दिवशी पेटवता आले असते. चिप योग्य दर्जाची नव्हती हे खरे, पण मोहीम गेली ती या एका गाळलेल्या रेडिओमुळे.

परिणाम

रशियासाठी २०११ हे वर्ष तसेही वाईट गेले. फेब्रुवारीत एक भूमापन उपग्रह चुकीच्या कक्षेत गेला, ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे निघालेले प्रोग्रेस मालवाहू यान पडले, डिसेंबरमध्ये आणखी एक दळणवळण उपग्रह गेला. ऑक्टोबर २०१३ मध्ये पोपोव्किन यांना पदावरून दूर करण्यात आले. फोबोसकडे पुन्हा जाण्याचा विचार मागे पडला आणि लावोच्किनचे लक्ष चंद्राकडे वळले.

चीनने दुसऱ्याच्या यानावर जागा मागण्याचा मार्ग सोडला. त्याचे तिआनवेन-१ जुलै २०२० मध्ये स्वतःच्या अग्निबाणावर निघाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि मे महिन्यात झुरोंग ही गाडी मंगळावर उतरली.

भारताची गोष्ट अधिक जवळची. नोव्हेंबर २००७ मध्ये इस्रो आणि रॉसकॉसमॉस यांच्यात चांद्रयान-२ साठी करार झाला होता. कक्षायान, गाडी आणि प्रक्षेपण भारताचे, तर चंद्रावर उतरणारे लँडर रशियाचे, अशी वाटणी होती. ते लँडर लावोच्किनमध्येच बनणार होते आणि त्याच्या अनेक यंत्रणा फोबोस-ग्रुंटशी नाते सांगणाऱ्या होत्या. फोबोस-ग्रुंट पडल्यावर रशियाने त्यांचा फेरआढावा घेतला. लँडरचे वजन वाढले, वेळापत्रक लांबले, आणि भारताला आपल्या गाडीचे वजन कमी करावे लागेल अशी स्थिती आली. शेवटी २०१३ मध्ये भारताने लँडर स्वतः बनवायचे ठरवले. विक्रमचा जन्म या निर्णयातून झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिला विक्रम चंद्रावर आदळला, तेव्हा तो क्षण देशभर लोकांनी जागून पाहिला होता. त्या अपयशाची कारणे इस्रोने शोधली, पाय भक्कम केले, आज्ञावली बदलली, इंधन वाढवले, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात अलगद उतरला.

त्याआधी चारच दिवस, १९ ऑगस्टला, लावोच्किनचे लुना-२५ चंद्रावर कोसळले होते. फोबोस-ग्रुंटनंतर त्या संस्थेने स्वतःच्या बळावर दुसऱ्या खगोलाकडे पाठवलेले ते पहिले यान. कक्षा खाली आणण्यासाठी इंजिन ८४ सेकंद चालायला हवे होते, ते १२७ सेकंद चालले. वेगातील बदल मोजणारे उपकरण वेळेवर सुरूच झाले नाही, कारण वेगवेगळ्या प्राधान्याच्या आज्ञा एकाच संचात पाठवल्या गेल्या असाव्यात, असे रॉसकॉसमॉसने नंतर सांगितले. यावेळीही यंत्र धडधाकट होते आणि गोंधळ झाला तो आज्ञांच्या जुळणीत.

फोबोसची माती आजवर कोणी आणलेली नाही. जपानच्या अवकाश संस्थेची एमएमएक्स मोहीम हे काम हाती घेत आहे. मूळ बेत २०२४ चा होता, तो एच-३ अग्निबाणाच्या अडचणींमुळे २०२६ वर गेला. फ्रान्स आणि जर्मनीने मिळून बनवलेली इडेफिक्स ही छोटी गाडी तिच्यासोबत फोबोसवर उतरायची आहे, आणि दहा ग्रॅमहून अधिक माती २०३१ मध्ये पृथ्वीवर आणण्याचा बेत आहे.